समुद्राची ओटी

माझी मुलगी आठ महिन्यांची होईपर्यंत मी तिला वारा लागू दिला नव्हता. ती दिवस भरायच्या आधीच आली. खाडीपलीकडे, मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, आणि घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "हिची छाती जपा. गारठा बाधू देऊ नका." त्यांनी हे वाक्य त्या दिवसात कितीजणींना ऐकवलं असेल कोण जाणे, मी मात्र ते उराशी धरून बसले. कोपरखैरण्यातल्या आमच्या बैठ्या घराच्या खिडक्या बंद झाल्या, पंख्याच्या बटणावर मी चिकटपट्टी लावली, आणि घरात कोणी शिंकलं की मी अशी बघायचे की पाहुणे चहा न घेताच उठायचे. नवरा म्हणायचा, "पोरगी वाढवतीयेस की लोणचं घालतीयेस? बरणीत झाकूनच ठेवलंयस."

त्याला चेष्टा सुचायची. तो सकाळी रबाळ्याच्या कंपनीत जायचा आणि संध्याकाळी यायचा. रात्रभर तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास येतोय का बघत बसणं माझ्याकडे होतं.

घरात आम्ही पाचजण, आणि ती. मी, नवरा, कॉलेजात जाणारी नणंद, मामा आणि आत्या. आमच्या साताऱ्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्या. मामा बाजारात माथाडी होते. मुंबईतला बाजार उठून खाडीच्या अलीकडे आला तेव्हा त्याच्यामागे तेही बिऱ्हाड घेऊन आले. आयुष्यभर पाठीवर पोती वाहिलेला माणूस, पण नातीला हात लावायला घाबरायचा. "माझं हात खरबरीत हाईत," म्हणायचे आणि लांबूनच टाळ्या वाजवायचे.

माझी भीती डॉक्टरीणबाईंनी घातलेली होती. आत्यांची भीती वेगळीच होती, आणि तिच्यामुळेच आमची ती सहल निघाली.

आत्यांच्या माहेरी रीत अशी की लेकरू जन्मात पहिल्यांदा नदी ओलांडतं तेव्हा नदीची ओटी भरायची. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, बांगड्या. लेकराचा हात नारळाला लावायचा आणि ओटी पाण्यात सोडायची. नदी ती वाहून नेते, म्हणजे तिनं लेकराची ओळख ठेवली, आता ती त्याला धक्का लावणार नाही. मुलीला हॉस्पिटलातून टॅक्सीनं आणताना आम्ही खाडीचा पूल ओलांडला, पण माझं लक्ष तिच्या नाकपुड्यांवर, नवऱ्याचं मीटरवर. ओटीबिटी कोणाच्या डोक्यातही नव्हती. आत्या घरी आरतीचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी पहिलं विचारलं, "खाडीत काय टाकलंसा का?" आम्ही नाही म्हणालो, आणि त्यांनी आरती अर्धीच ओवाळली.

तेव्हापासून मुलीला सर्दी झाली की आत्या खाडीच्या दिशेनं बघायच्या. मला चीड यायची. एके दुपारी तांदूळ निवडता निवडता त्यांनी मला सांगितलं की त्यांचं पहिलं लेकरू असंच होतं, आठ-नऊ महिन्यांचं. माहेराहून परत येताना नदीला पाणी चढलेलं, नावाडी घाई करत होता, ओटी राहून गेली. महिन्याभरात ताप आला आणि लेकरू गेलं. "माझ्या हातनं ऱ्हायलं," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुन्हा तांदळात खडे शोधू लागल्या. मला त्यांची कीव आली पाहिजे होती, पण खरं सांगायचं तर मला राग आला. ओल्या बाळंतिणीला कोणी असं काही सांगतं का? त्या रात्रीपासून माझ्या डोक्यातल्या भीतींमध्ये आणखी एकीची भर पडली.

आठवा महिना सरत आला तशा आत्या हट्टालाच पेटल्या. आता ओटी भरायचीच. मी म्हटलं, वाशीच्या खाडीत सोडून या. मामा भडकले. "त्या गटाराच्या पान्यात? देवीला ओटी भरायची का तिची चेष्टा करायची?" नणंद म्हणाली, खाडी शेवटी समुद्रातच जाते, तर सरळ समुद्रावर जाऊ. तिला समुद्र बघायचा होता, ओटीशी तिला काही देणंघेणं नव्हतं. मग उरणचा किनारा ठरला. रविवारी बाजार बंद, म्हणून भावजींचा टेम्पोही रिकामा होता. भावजी म्हणजे नवऱ्याचा चुलतभाऊ, कांद्याची वाहतूक करायचा. आत्यांनी पंचांग मागवून रविवारी येणारी पौर्णिमा शोधून काढली. गावाकडे नदीची वर्षाची ओटी पौर्णिमेलाच भरतात.

पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं, हे दिवाळे गावाहून आमच्या दारावर मासे विकायला येणाऱ्या कोळणीनंही सांगितलं असतं. पण तिच्याशी आमचं बोलणं बांगड्याच्या भावापलीकडे कधी गेलंच नव्हतं. आम्ही नदीकाठची माणसं. पाणी एका बाजूनं येतं आणि दुसऱ्या बाजूला जातं, एवढीच आमची पाण्याबद्दलची अक्कल.

मी नको नको म्हणत होते. थंडीचे दिवस, सकाळचा वारा, धूळ, ऊन, वाटेत दूध नासलं तर, टेम्पो बंद पडला तर. नवरा म्हणाला, "तुझं तर-तर संपलं की सांग, मी तोवर आंघोळ करून येतो." शेवटी मी निघाले ते आत्यांसाठी नाही. मी नाही गेले तर त्या एकट्याच मुलीला घेऊन जातील, ही भीती होती म्हणून.

उजाडता उजाडता निघालो. पुढे भावजींच्या शेजारी मी मुलीला घेऊन, माझ्या बाजूला आत्या ओटीचं ताट मांडीवर धरून. बाकीचे मागे, घडी घातलेल्या गोणपाटांवर. मुलीला मी टोपडं, स्वेटर, त्यावर शाल असं गुंडाळलं होतं, फक्त डोळे बाहेर. काचेच्या फटीतून वारा येत होता, तिथं मी माझा रुमाल कोंबला. बेलापूर सोडलं की रस्ता मिठागरांमधून जायचा. उलव्याच्या बाजूला तेव्हा नुसता चिखल, पाणी आणि मधेच मिठाचे ढीग. बंदराकडे जाणारे लांबलचक ट्रेलर अंगावर आल्यासारखे जवळून जात, आणि प्रत्येक ट्रेलरला मी मुलीला आणखी आवळायचे. केबिनमध्ये कांद्याचा वास एवढा की तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं, झाली सर्दी. मी भावजींना तीनदा तरी म्हणाले असेन, परत फिरू या. चौथ्यांदा आत्याच म्हणाल्या, "आगं, आता आलोया तर भरू दे मला ओटी. मग तुला कदी काय म्हननार न्हाई."

त्यांच्या आवाजात विनवणी होती. सासूनं विनवणी केली की सुनेची पंचाईत होते.

पोचलो तेव्हा पाणी बरंच लांब होतं. मधे सगळी ओली, चकचकीत वाळू. आत्या खाली उतरून डोळ्यांवर हात धरून बघत राहिल्या. "आटलाय व्हय गं हा?" त्यांनी विचारलं. नणंद खो खो हसली. तिनं भूगोलात भरती-ओहोटी पाठ केली होती, पण त्या धड्याचा आणि समोरच्या पाण्याचा काही संबंध असेल हे त्या वेळी तिलाही सुचलं नाही. सुरूच्या झाडांच्या कडेला भावजींनी टेम्पो लावला. जवळच एक गावातली बाई वाळूवर जाळं अंथरून जवळा वाळत घालत होती. तिनं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि परत कामाला लागली. पौर्णिमेच्या दिवशी ताट घेऊन आलेली माणसं तिनं बहुतेक पुष्कळ पाहिली असणार.

आम्ही सगळेच वाळूवरून चालत पाण्यापर्यंत गेलो. मुलगी माझ्या कडेवर. मी कोणाला तिला खाली ठेवू दिलं नाही. वाळूत खेकडे असतात, कुत्र्यांची घाण असते, आणि मुख्य म्हणजे वाळू ओली असते. आत्यांनी पाण्यात घोट्यापर्यंत उभं राहून हळदकुंकू वाहिलं. मुलीचा शालीतून काढलेला हात नारळाला लावला. मुलीनं नारळाच्या शेंडीचे केस मुठीत धरले आणि सोडेना. ते सोडवताना सगळे हसलो, मीसुद्धा. मग आत्यांनी ओटी पाण्यावर ठेवली, हात जोडले.

तांदूळ बुडाले. खण पसरला आणि भिजून खाली गेला. नारळ मात्र दोन हात पुढे गेला, थांबला, आणि पुढच्या लाटेबरोबर गडगडत परत आत्यांच्या पायाशी आला.

त्यांनी तो उचलून पुन्हा सोडला. पुन्हा परत. मग नवऱ्यानं जोर लावून लांब फेकला. आम्ही बघत राहिलो. नारळ दिसेनासा झाला, पुन्हा दिसला, आणि बऱ्याच वेळानं डोलत डोलत आमच्या थोडं डावीकडे येऊन वाळूला लागला.

"चला, संध्याकाळच्या चटणीची सोय झाली," नवरा म्हणाला.

आत्यांचा चेहरा मी पाहिला आणि मला वाटलं, त्यानं तोंड बंद ठेवलं असतं तर बरं झालं असतं. त्या पांढऱ्या पडल्या होत्या. "गावाकडं नदी घेती. ही परत देती म्हंजी काय?" त्या हळूच म्हणाल्या. मामांनी नारळ उचलला, म्हणाले, "परसाद म्हनून दिला आसंल. फोडू आनि वाटू." पण आत्यांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला, पदरानं पुसला आणि परत ताटात ठेवला. आम्ही माघारी येऊन सुरूच्या सावलीत जेवायला बसलो.

भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, दहीभात. आत्यांनी घास चिवडला. मी मुलीला दूध पाजलं, पाठ थोपटली, ढेकर आला तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. ऊन वर आलं होतं, वारा उबदार होता, आणि मला वाटायला लागलं होतं की दिवस पार पडतोय. नवरा आणि भावजी टेम्पोच्या सावलीत गोणपाटावर आडवे झाले. मामा बिडी ओढत लांब जाऊन बसले.

मला झाडांमागे जायचं होतं. बायकांची ही अडचण कुठल्याच सहलीत सुटत नाही. राखणीला नणंदेला बरोबर घेतलं आणि मुलीला आत्यांच्या मांडीवर दिलं. घरीही मी तिला आत्यांकडेच द्यायचे, दुसऱ्या कोणाकडे नाही. त्यांच्या मांडीवर ती लगेच शांत व्हायची.

आडोसा शोधण्यात वेळ गेला. एका बाजूला पोरं क्रिकेट खेळत होती, दुसरीकडे कोणाची तरी पंगत बसली होती. परत आले तर आत्यांची जागा रिकामी. ताट होतं. ताटात हळदकुंकवाची पुडी होती. नारळ नव्हता.

मला एका क्षणात कळलं. नणंद म्हणत होती, "असेल इथंच वहिनी, सावलीत गेली असेल," आणि मी पाण्याकडे बघत होते. पाणी आता लांब नव्हतं. सकाळी जिथं उभं राहून आम्ही हसलो होतो ती जागा कुठे आहे तेच सापडत नव्हतं. आणि पार पुढे, वाळूची एक उंच पट्टी पाण्याबाहेर उरली होती. तिच्यावर आत्यांचं हिरवं लुगडं दिसलं. काष्टा वर खोचलेला, एका हातानं छातीशी धरलेली मुलगी. त्यांनी दुसरा हात उगारून नारळ जोरात पुढे फेकला आणि तशाच बघत उभ्या राहिल्या.

त्यांना वाटलं असणार, काठाला पाणी उथळ आहे म्हणून नारळ परत येतो. आत धारेला सोडावा, तिथून जाईल. नदीत तसंच करतात. त्या गेल्या तेव्हा मधे घोटाभर पाणी असेल, चालतच गेल्या असतील. आता त्यांच्या पुढेही पाणी होतं आणि मागेही, आणि मागचं पाणी त्यांना दिसत नव्हतं.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. नवरा धडपडत उठला. जवळा पसरणारी ती बाई उभी राहिली, तिनं कपाळावर हात मारला. "ओ, ती म्हातारी तुमची हाय? पोराला घेऊन कुठं गेली ती! पानी मागून भरतंय, मधी खड्डा हाय!" मग तोंडाभोवती हात धरून तिनंही हाक मारली, "बाय, तिथंच उभी ऱ्हा! येऊ नको!"

पण आत्यांनी मागे वळून पाहिलं ते आमचे उंचावलेले हात. त्यांना वाटलं, बोलावतायत. त्या पट्टीवरून खाली उतरल्या आणि आमच्याकडे चालायला लागल्या.

त्या वेळी मला त्यांचा जो राग आला तो मी आजही तसाच्या तसा सांगू शकते. भीती होतीच, पण राग तिच्याहून मोठा होता. आठ महिने मी त्या पोरीला फुंकर घालून जगवलं, खिडकी उघडू दिली नाही, आणि ही बाई एका नारळासाठी तिला समुद्रात घेऊन गेली! मी वाळूवरून धावत होते, चपला कुठे गेल्या पत्ता नाही, आणि तोंडानं मी देवाचा धावा करत नव्हते, सासूला शिव्या देत होते.

पाणी त्यांच्या गुडघ्यांना लागलं, मग कमरेला. त्या थांबल्या. आणखी एक पाऊल टाकलं आणि एकदम छातीपर्यंत खाली गेल्या. त्यांनी मुलीला दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचललं. लाट आली की त्या हनुवटी वर करायच्या, लाट गेली की परत सरळ. पुढे येता येईना, मागे जाता येईना. मुलीचे पाय हवेत हलताना मला दिसत होते. शाल पाण्यावर तरंगत होती.

भावजींनी टेम्पोतला पोती बांधायचा दोरखंड आणला. नवरा तो कमरेला बांधत असतानाच मामांनी त्याच्या हातातून ओढून घेतला. डोक्याचा पटका काढून त्यांनी वाळूवर टाकला, दोर स्वतःला बांधला आणि पाण्यात शिरले. नवरा त्यांच्या मागोमाग दोर धरून, काठाला भावजी पाय रोवून. मामा पाय उचलत नव्हते, सरकवत होते. पाठीवर पोतं असताना फळीवरून चालायची त्यांची रीत होती ती. मी कमरेइतक्या पाण्यात उभी होते, याच्यापुढे मला कोणी जाऊ देत नव्हतं.

आणि तेवढ्यात तो नारळ आला. आत्यांच्या बाजूनं, मामांच्या बाजूनं, डोलत, कसलीही घाई नसल्यासारखा, आणि माझ्या पोटाला लागून थांबला. मुलगी तिकडे होती आणि नारळ माझ्यापाशी पोचला होता. मी तो दोन्ही हातांनी लांब ढकलला. तो परत आला. मी रडायला लागले.

मामांनी मुलीला आत्यांच्या हातातून घेतलं आणि मानेमागे ठेवलं, जिथं पोतं ठेवायचे तिथं. एका हातानं तिचा पाय, एका हातानं दंड. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिला धरलं ते असं. नवऱ्यानं आईला बगलेत हात घालून ओढलं. दोर ताणला, ढिला पडला, पुन्हा ताणला. एकदा मामांचा तोल गेला आणि मुलीचं टोपडं पाण्याला टेकलं. मग ते सावरले. माझ्यापर्यंत आले तेव्हा मी तिला त्यांच्या मानेवरून अक्षरशः ओरबाडून घेतली.

ती रडत नव्हती. तेच मला सहन होईना. डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती, ओठ निळसर. मी तिला हलवलं. ती शिंकली. एवढी मोठी शिंक त्या एवढ्याशा जिवातून आली, आणि मागोमाग तिनं भोकाड पसरलं. घरात शिंकेला मी इतकी घाबरायचे, पण त्या शिंकेला मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

वाळूवर तिचे ओले कपडे फेडले. बॅगेतले कपडे घालायलाही माझे हात चालेनात, तेव्हा नणंदेनं मामांचा कोरडा पटका उचलला आणि मुलीला त्यात फेर घेत घेत गुंडाळलं. त्या गावातल्या बाईनं आपल्या डब्यातला गरम चहा आत्यांना दिला. आत्यांनी कप धरला, पण प्यायल्या नाहीत. त्या कोणाकडे बघत नव्हत्या.

परत निघताना मी पुढे बसले नाही. केबिनमध्ये वारा लागतो म्हणून मागे, ताडपत्रीखाली, गोणपाटांवर बसले. नणंद माझ्याजवळ, मामा कोपऱ्यात डोळे मिटून. आत्या अगदी मागच्या फळीला टेकून बसल्या. ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं. नणंदेनं दिलेली चादर त्यांनी पांघरली नव्हती, तशीच बाजूला पडली होती. टेम्पो खड्ड्यात आदळायचा आणि मुलगी कुरकुरायची. मी दर थोड्या वेळानं तिचं कपाळ बघत होते. ताप नव्हता. पण ताप संध्याकाळी येतो, रात्री येतो, चार दिवसांनीही येतो, हे मला माहीत होतं.

"घेतली न्हाई तिनं," आत्या म्हणाल्या.

"आई, भरतीचं पाणी होतं गं," नणंद समजुतीनं म्हणाली. तिला तो धडा आता आठवला होता. "भरतीचं पाणी सगळंच काठाला आणून टाकतं. त्यात एवढं काय?"

आत्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं नव्हतं. त्यांच्या हिशोबी समुद्रानं पोरीची ओळख ठेवायला नकार दिला होता, आणि वर त्यांनीच तिला त्याच्या तोंडात नेऊन धरली होती. मला हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं आणि मला ते बघायचं नव्हतं. मला चिडून राहायचं होतं. घरी गेल्यावर काय काय बोलायचं ते मी मनात जुळवत होते. यापुढे माझ्या पोरीला हात लावायचा नाही, हे पहिलं वाक्य होतं.

मुलगी परत रडायला लागली, या वेळी जोरात. मी झुलवलं, पाजून पाहिलं, ती तोंड फिरवत होती.

"सैल धर तिला," आत्या पलीकडून म्हणाल्या. "गुदमरंल."

मी फाडकन काहीतरी बोलणार होते. खाली पाहिलं तर माझी बोटं पटक्यातून तिच्या अंगात रुतली होती. दंडावर लाल वण उठले होते. मी ती सोडवायला गेले, तर सुटेनात. हात इतके आखडले होते की एकेक बोट मला सरळ करावं लागलं. ती मोकळी झाली, तिनं लांब श्वास घेतला आणि हुंदके देत राहिली.

मी आत्यांकडे पाहिलं. त्यांचे हात मांडीवर उताणे पडले होते, पाण्यानं सुरकुतलेले. त्या खड्ड्यात, लाटा तोंडावर घेत, ते हात मुलीला घेऊन वर राहिले होते. एकदाही खाली आले नव्हते. ते मी काठावरून सबंध वेळ पाहिलं होतं. पण मला शिव्या द्यायच्या होत्या, त्यामुळे दिसलं नव्हतं.

मी उठले. टेम्पो हलत होता, धरत धरत मागच्या फळीपाशी जाऊन बसले.

"घ्या हिला," मी म्हणाले.

"नगं." त्यांनी हात मागे घेतले. "माज्याकडं नगं देऊ. माज्या हातनं ऱ्हातंच काय ना काय."

"समुद्रानं ओटी परत दिली, ते तुम्ही धरून बसलात," मी म्हणाले. आवाज चिडलेलाच होता, गोड बोलायचं बळ माझ्यात नव्हतं. "त्यानं पोरगीपण परत दिली, ते कोण बघणार? माझे हात भरून आलेत आत्या. घ्या."

आणि मी तिला त्यांच्या ओल्या मांडीवर ठेवली. छाती, गारठा, ओलं लुगडं, सगळं मला ठाऊक होतं, तरी ठेवली. आत्यांनी आधी तिला नुसतं बघितलं. मग चादर ओढून तिच्याभोवती घेतली, वाकल्या आणि तिच्या डोक्याला गाल लावून रडू लागल्या. मुलीचं रडणं हळूहळू थांबलं.

मी तिला दिली खरी, पण तिचं एक पाऊल पटक्याबाहेर आलं होतं, ते माझ्या मुठीत धरून बसले. मिठागरं गेली, बेलापूर गेलं, वाशी आली. घर येईपर्यंत ते मी सोडलं नाही.